त्रेसष्ट पत्त्यांचा डाव

पत्ते खेळणे म्हणजे वेळ दवडणे, असे वडीलधारी मंडळी पुष्कळदा म्हणतात. आणि त्यात फारसे खोटे नाही. तरीही पत्त्यांच्या जोडात एक गुण असतो, तो मात्र कोणालाही नाकारता येणार नाही. पिसलेले बावन्न पत्ते हाती घेतले म्हणजे प्रथम सारा गोंधळच दिसतो. मग इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट अशी रंगांची वाटणी होते. प्रत्येक रंगात एक्क्यापासून राजापर्यंत चढती रांग लागते. आणि घटकेपूर्वी जेथे गोंधळ होता, तेथे व्यवस्था नांदू लागते. एखादा पत्ता हरवला असेल, तर तोही मग लपून राहत नाही. बदामाची सत्ती आणि बदामाची नव्वी यांच्यामध्ये जागा मोकळी दिसली की, गहाळ झालेला पत्ता बदामाची अठ्ठीच होय, हे तो पत्ता न पाहताही आपण सांगू शकतो.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी रशिया देशातील एका प्राध्यापकाने असाच एक डाव मांडला. त्याच्या जोडात ६३ पत्ते होते, आणि त्यांवर राजा, राणी, गुलाम यांच्या चित्रांऐवजी सृष्टीतील मूलद्रव्यांची नावे होती. तो डाव लागला आणि रसायनशास्त्राला नवी दृष्टी लाभली. त्या प्राध्यापकाचे नाव दिमित्री मेंडेलीव्ह.

दिमित्रीचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सैबेरियातील तोबोल्स्क या गावी झाला. त्याचे वडील तेथील विद्यालयाचे प्रमुख होते. परंतु ज्या वर्षी दिमित्री जन्मला, त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. घरात मुले पुष्कळ, आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे. अशा वेळी दिमित्रीची आई मारिया हिने पदर खोचला. तिच्या माहेरच्या मंडळींचा जवळच्या एका खेड्यात काचेचा कारखाना होता. तो तिने चालविण्यास घेतला. घर, आजारी पती, लहान मुले आणि कारखान्यातील कामगार या सर्वांचा भार त्या एका स्त्रीने वर्षानुवर्षे वाहिला. भट्टीतून निघणारा तांबडालाल रस कारागिराच्या नळीच्या टोकाशी फुगतो कसा आणि त्याची चकचकीत बाटली होते कशी, हे लहानगा दिमित्री कारखान्यात डोळे भरून पाहत असे. पदार्थांच्या रूपांतराचा पहिला धडा त्याला तेथेच मिळाला.

पण संकटे एकटी येत नाहीत. १८४७ मध्ये वडील वारले, आणि पुढच्याच वर्षी तो काचेचा कारखाना आगीत भस्मसात झाला. दुसरी एखादी स्त्री खचून गेली असती. मारियाने मात्र उरलेसुरले धन गोळा केले आणि एकच निश्चय केला. आपल्या धाकट्या मुलाची बुद्धी तिने ओळखली होती, आणि ती वाया जाऊ द्यायची नाही, असे तिने ठरविले. १८४९ मध्ये दिमित्रीला आणि त्याच्या एका बहिणीला बरोबर घेऊन ती मॉस्कोला निघाली. अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. त्या वाटेवर तेव्हा आगगाडी नव्हती. इतके कष्ट सोसून ती मायलेकरे मॉस्कोला पोहोचली, आणि सैबेरियाच्या विद्यार्थ्यास येथे प्रवेश मिळणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. मारिया तशीच पुढे सेंट पीटर्सबर्गला गेली. जेथे दिमित्रीचे वडील शिकले होते, त्याच अध्यापक-विद्यालयात १८५० मध्ये त्याला प्रवेश मिळाला, आणि राहण्याजेवण्याची सोयही झाली. मारियाचे जीवितकार्य जणू तेथे संपले. त्याच वर्षी तिने देह ठेवला. शब्दांवर विसंबू नकोस, कामावर भर दे आणि धीराने सत्याचा शोध घे, अशी तिची अखेरची शिकवण होती. ती दिमित्रीने जन्मभर जपली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी द्रावणांविषयीचा आपला मोठा ग्रंथ आईच्याच स्मृतीस अर्पण केला.

विद्यालयात दिमित्रीची प्रकृती ढासळली. हा मुलगा फार दिवस जगणार नाही, अशी भीती उत्पन्न झाली. तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या तो वाचीत आणि लिहीत राहिला, आणि १८५५ मध्ये सुवर्णपदक मिळवून उत्तीर्ण झाला. त्यानंतर त्याने दक्षिणेकडील उबदार प्रदेशात काही काळ शिक्षकाचे काम केले. तेथे प्रकृती सुधारली, आणि पुढे अधिक अभ्यासासाठी या तरुण शिक्षकाला जर्मनीतील हायडेलबर्ग येथे जाण्याची संधी मिळाली.

त्या काळी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे एक विलक्षण अडचण होती. रासायनिक सूत्र म्हणजे पदार्थाचे थोडक्यात लिहिलेले वर्णनच होय. पदार्थाच्या एका रेणूत कोणकोणत्या मूलद्रव्यांचे किती किती अणू आहेत, हे सूत्रावरून एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु त्या वेळी एकाच पदार्थाचे सूत्र निरनिराळे शास्त्रज्ञ निरनिराळ्या प्रकारे लिहीत. आपल्या रोजच्या पाण्याचेच उदाहरण घ्या. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन असतो, हे तराजूने सिद्ध झाले होते. काहींनी ऑक्सिजनचा अणुभार ८ मानला. त्यांच्या मते पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे अणू होते. दुसऱ्यांनी तोच अणुभार १६ मानला. त्यांना हायड्रोजनचे दोन अणू लिहावे लागत. शिर्क्याला आंबटपणा आणणाऱ्या आम्लाची तर तब्बल १९ निरनिराळी सूत्रे प्रचारात आहेत, असे जर्मन रसायनज्ञ केकुले यांनी १८६१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. एकाच माणसाला गावातील प्रत्येकाने वेगळ्या नावाने हाक मारावी, तशी ही स्थिती होती.

हा घोळ मिटविण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे या शहरी अनेक देशांचे रसायनज्ञ एकत्र जमले. सव्वीस वर्षांचे मेंडेलीव्ह त्या परिषदेस उपस्थित होते. तेथे इटलीतील कानिझारो या शास्त्रज्ञाने अणुभार कसे ठरवावेत, याची एक सुसंगत रीत मांडली, आणि तिची छापील पुस्तिकाही सभासदांना वाटण्यात आली. परिषदेने ठराव करून वाद मिटविला असे झाले नाही. पण मेंडेलीव्ह यांच्या मनातील वाद मात्र मिटला. आता प्रत्येक मूलद्रव्याला विश्वसनीय असा एक आकडा मिळाला होता. पत्ते लावायचे, तर त्यांवर ठिपके हवेत ना? ते ठिपके त्यांना कार्ल्सरूहेस मिळाले.

मायदेशी परतल्यावर मेंडेलीव्ह यांचा लौकिक वाढत गेला. १८६७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवू लागताच त्यांना असे आढळून आले की, विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे चांगले पाठ्यपुस्तक रशियन भाषेत नाही. तेव्हा ते स्वतःच लिहावयास बसले. पहिल्या भागात त्यांनी हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन यांसारख्या नित्य परिचयाच्या मूलद्रव्यांचे वर्णन केले, आणि क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन यांच्या कुटुंबाची माहिती दिली. दुसऱ्या भागाच्या आरंभी सोडियम आणि पोटॅशियम यांचे कुटुंब घेतले. पण त्यापुढे कोण? उरलेली कितीतरी मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने सांगावीत? मनाला येईल तसा क्रम लावून पुस्तक पुरे करता आले असते. परंतु मेंडेलीव्ह यांच्यातील शिक्षकाला ते रुचेना. ज्याला स्वतःला क्रम दिसत नाही, तो विद्यार्थ्यांना काय दाखविणार, ही टोचणी त्यांच्या मनाला लागली.

१७ फेब्रुवारी १८६९ चा दिवस उजाडला. हा रशियातील जुन्या पंचांगाचा दिवस. आपल्या आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ती १ मार्चची तारीख होती. मेंडेलीव्ह यांना त्या सुमारास चीज तयार करण्याचे कारखाने पाहण्यासाठी परगावी जावयाचे होते. त्याविषयीचे एक पत्र त्यांच्या मेजावर होते. त्या पत्राच्या पाठीवरच त्यांनी मूलद्रव्यांचे अणुभार मांडण्यास सुरुवात केली. त्यांनी क्लोरिनचे कुटुंब एका ओळीत लिहिले, खाली सोडियमचे, आणि त्याखाली कॅल्शियमचे. क्लोरिन ३५.५, त्याखाली पोटॅशियम ३९, त्याखाली कॅल्शियम ४०. ब्रोमिन ८०, त्याखाली रुबिडियम ८५, त्याखाली स्ट्रॉन्शियम ८७. आयोडिन १२७, त्याखाली सीझियम १३३, त्याखाली बेरियम १३७. प्रत्येक स्तंभात आकडे थोडथोडे चढत होते, आणि प्रत्येक ओळीत एकाच स्वभावाची मूलद्रव्ये येत होती. यात काही नियम आहे, अशी शंका नव्हे, तर खात्रीच त्यांना वाटू लागली.

मेंडेलीव्ह यांना एकट्याने खेळावयाच्या पत्त्यांच्या डावाची, म्हणजे पेशन्सची आवड होती. असे सांगतात की, मूलद्रव्ये मांडण्यासाठी त्यांनी तीच युक्ती योजिली. प्रत्येक मूलद्रव्याचे नाव, त्याचा अणुभार आणि त्याच्या संयुगांची सूत्रे त्यांनी एकेका पत्त्यावर लिहिली. मग ते पत्ते मेजावर मांडू लागले. सारखे गुणधर्म म्हणजे पत्त्यांचे रंग, आणि अणुभार म्हणजे त्यांवरील ठिपके. मांडावे, पाहावे, जुळले नाही तर उचलावे आणि पुन्हा मांडावे, असा क्रम चालला. मेंडेलीव्ह यांना ही सारणी स्वप्नात दिसली, अशीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या हातचे जे कच्चे कागद आज जपून ठेवलेले आहेत, त्यांवर खाडाखोड आहे, बाण आहेत, लिहून पुन्हा पुसलेले आकडे आहेत. स्वप्नात खाडाखोड करावी लागत नाही. ती जागेपणीच्या कष्टांची खूण आहे.

अखेर त्या गोंधळातून जो नियम वर आला, तो असा : मूलद्रव्ये वाढत्या अणुभारानुसार मांडली असता ठरावीक अंतराने त्यांचे गुणधर्म पुन्हा पुन्हा येतात. संगीतात सात स्वरांनंतर षड्ज पुन्हा भेटतो, तसाच हा प्रकार. याला आवर्ती नियम असे म्हणतात, आणि त्या नियमाने केलेल्या मांडणीला आवर्तसारणी.

या मांडणीचे सौंदर्य सूत्रांत कसे उतरते, ते पाहा. सोडियमपासून क्लोरिनपर्यंत सात मूलद्रव्ये ओळीने घ्या : सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरिन. यांपैकी प्रत्येकाचे दोन दोन अणू घेतले, तर ते जास्तीत जास्त किती ऑक्सिजनशी संयोग पावतात? सोडियमचे दोन अणू ऑक्सिजनच्या एका अणूशी, मॅग्नेशियमचे दोनांशी, ॲल्युमिनियमचे तिनांशी, सिलिकॉनचे चारांशी, फॉस्फरसचे पाचांशी, गंधकाचे सहांशी आणि क्लोरिनचे सातांशी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! जी सूत्रे विद्यार्थी घोकून घोकून पाठ करीत, ती आता पायऱ्यांप्रमाणे एकामागून एक उभी राहिली. मूलद्रव्याची जागा ठाऊक असली की, त्याचे सूत्र आपोआप सुचू लागले. अणूची दुसऱ्या अणूंना धरण्याची जी शक्ती, तिला संयुजा म्हणतात. ती जणू अणूच्या हातांची संख्याच. कोणाला किती हात आहेत, हे त्याच्या जागेवरून कळू लागले.

परंतु सर्व पत्ते इतक्या सहजासहजी जागी बसले नाहीत. बेरिलियम या धातूने मोठा पेच घातला. बेरिलियमच्या दोन अणूंना ऑक्सिजनचे तीन अणू चिकटतात, असे पुष्कळ रसायनज्ञ मानीत. तसे असेल, तर त्याचा अणुभार १४ येत होता. पण १४ च्या जागी नायट्रोजन आधीच बसलेला होता. मेंडेलीव्ह यांनी निराळा विचार केला. बेरिलियमच्या एका अणूस ऑक्सिजनचा एकच अणू चिकटतो, असे धरले, तर अणुभार ९.४ येतो, आणि लिथियमचे ७ व बोरॉनचे ११ यांच्यामध्ये नेमकी तेवढीच जागा मोकळी होती. तेव्हा चूक पत्त्याच्या जागेत नसून त्यावर लिहिलेल्या सूत्रात आहे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. स्वीडनचे निल्सन आणि त्यांचे सहकारी पेटर्सन यांना हे मान्य नव्हते. पण त्याच दोघांनी १८८४ मध्ये बेरिलियम क्लोराइडची वाफ तोलून पाहिली, तेव्हा मेंडेलीव्ह यांचेच म्हणणे खरे ठरले. विरोधकांच्याच प्रयोगाने आपली बाजू सिद्ध व्हावी, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मूलद्रव्यांत काही क्रम आहे, हे मेंडेलीव्ह यांच्या आधीही काहींच्या लक्षात आले होते. इंग्लंडमध्ये न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये आठ-आठांच्या गटात मांडली होती. जर्मनीतील लोथर मायर तर मेंडेलीव्ह यांच्याच वेळी त्याच शिखरापाशी पोहोचले होते. न्यूलँड्स यांनी सर्व जागा भरून टाकण्याच्या आग्रहात काही ठिकाणी एकाच घरात दोन मूलद्रव्ये कोंबली; आणि भर सभेत त्यांना उपहास सोसावा लागला. मेंडेलीव्ह यांचे वेगळेपण येथेच दिसते. जेथे योग्य पत्ता सापडला नाही, तेथे त्यांनी अयोग्य पत्ता दडपून बसविला नाही. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली. एवढेच नव्हे, तर या जागेवर बसणारे मूलद्रव्य निसर्गात आहे, ते अजून कोणाला सापडलेले नाही एवढेच, असे त्यांनी जाहीर केले.

१८७१ मध्ये त्यांनी अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे अणुभार किती असतील, घनता किती असेल, ऑक्सिजनशी आणि क्लोरिनशी त्यांची कोणती संयुगे होतील, आणि त्या संयुगांची सूत्रे काय असतील, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. जे मूलद्रव्य कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याचे सूत्र आधीच लिहिणे हे केवढे धाडस! त्या अज्ञातांना नावेही हवी होती. येथे आपल्याला आनंद वाटावा अशी एक गोष्ट घडली. मेंडेलीव्ह यांनी त्यासाठी संस्कृत भाषेतील संख्या निवडल्या. ॲल्युमिनियमच्या पुढची एक जागा म्हणून एक-ॲल्युमिनियम. त्याचप्रमाणे एक-बोरॉन आणि एक-सिलिकॉन. आणखी दूरच्या जागांसाठी द्वि आणि त्रि हे शब्दही त्यांनी योजिले. त्याच काळी सेंट पीटर्सबर्ग शहरात संस्कृतचा प्रचंड कोश छापला जात होता, आणि तेथील विद्वानांत संस्कृतचा मोठा मान होता. आपल्या ओठी रोज येणारा एक हा शब्द अशा रीतीने युरोपातील रसायनशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला.

पुष्कळांनी या भविष्याकडे नवलाने, तर काहींनी अविश्वासाने पाहिले. हे भाकीत खोटे ठरले असते, तर मेंडेलीव्ह यांचे हसे झाले असते. चार वर्षे गेली. १८७५ मध्ये फ्रान्समधील लकॉक द ब्वाबोद्रां यांना जस्ताच्या एका खनिजात नवे मूलद्रव्य सापडले. त्याला त्यांनी गॅलियम असे नाव दिले. हेच आपले एक-ॲल्युमिनियम, हे मेंडेलीव्ह यांनी तत्काळ ओळखले. पण एका बाबतीत मेळ बसेना. फ्रेंच शास्त्रज्ञाने गॅलियमची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्ह यांच्या हिशेबाने ती ५.९ च्या आसपास यावयास हवी होती. मेंडेलीव्ह यांनी त्यांना कळविले की, आपला धातू पुरेसा शुद्ध नसावा, कृपया पुन्हा मोजून पाहावे. ज्याने त्या धातूचा कणही पाहिला नव्हता, तो त्याच्या संशोधकाची चूक दाखवीत होता! लकॉक यांनी धातू अधिक शुद्ध केला आणि पुन्हा मोजला. घनता ५.९ भरली.

मग एकामागून एक रिकाम्या जागा भरू लागल्या. १८७९ मध्ये निल्सन यांना स्कँडियम सापडले. ते एक-बोरॉन ठरले. १८८६ मध्ये जर्मनीतील विंक्लर हे चांदीच्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करीत होते. सर्व घटकांची बेरीज केली, तरी शेकडा सुमारे सात भागांचा हिशेब लागेना. पुष्कळ दिवसांच्या चिकाटीनंतर त्या न लागलेल्या हिशेबातून जर्मेनियम हाती आले. तेच एक-सिलिकॉन. मेंडेलीव्ह यांनी त्याचा अणुभार ७२ सांगितला होता, तो ७२.३ भरला. घनता ५.५ सांगितली होती. ती सुमारे ५.४७ निघाली. ऑक्साइडच्या सूत्रात त्या मूलद्रव्याच्या एका अणूशी ऑक्सिजनचे दोन अणू असतील, असे त्यांनी लिहिले होते. ते सूत्रही बरोबर ठरले. हरवलेली बदामाची अठ्ठी खरोखरच सापडली होती.

१८८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले डेव्ही पदक मेंडेलीव्ह आणि लोथर मायर या दोघांना मिळून दिले. पाच वर्षांनी न्यूलँड्स यांनाही ते लाभले. ज्यांचा उपहास झाला होता, त्यांच्या श्रमांचेही अशा रीतीने चीज झाले.

मेंडेलीव्ह हे केवळ प्रयोगशाळेत रमणारे विद्वान नव्हते. १८८७ मध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते विमानफुग्यात बसून आकाशात जाणार होते. पावसाने फुगा भिजला, आणि दोघांचे ओझे तो उचलीना. तेव्हा चालकाला खाली उतरवून, पूर्वी कधीही फुगा न हाकलेले त्रेपन्न वर्षांचे मेंडेलीव्ह एकटेच वर गेले आणि सुखरूप परत आले. १८९० मध्ये विद्यार्थ्यांनी आपली गाऱ्हाणी लिहून त्यांच्या हाती दिली. त्यांनी तो अर्ज शिक्षणमंत्र्यांकडे पोहोचविला. मंत्र्यांनी तो न स्वीकारता परत केला. तेव्हा मेंडेलीव्ह यांनी तेवीस वर्षांचे प्राध्यापकपद सोडून दिले. पुढे १८९३ मध्ये वजने आणि मापे यांच्या सरकारी कार्यालयाचे ते प्रमुख झाले. रशियात दशमान पद्धतीचा वापर कायद्याने खुला व्हावा, यासाठी त्यांनी झटून काम केले, आणि १८९९ मध्ये तसा कायदा झाला.

थोर माणसांच्याही हातून चुका होतात, हे विसरू नये. आयोडिनच्या आधी टेल्युरियम यावयास हवे, हे मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांवरून अचूक ओळखले. पण टेल्युरियमचा अणुभार आयोडिनपेक्षा अधिक भरतो, त्या अर्थी तो मोजण्यातच चूक झाली असावी, असे ते म्हणत राहिले. मोजमाप बरोबरच होते. मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुभारावर नसून अणूच्या गाभ्यातील विद्युत्‌भारावर अवलंबून असतो, हे १९१३ मध्ये इंग्लंडच्या तरुण मोस्ली यांनी दाखवून दिले. अणू फुटू शकतो, ही नवी कल्पनाही मेंडेलीव्ह यांना अखेरपर्यंत पटली नाही. आरगॉन वायूचा शोध लागला, तेव्हा त्याला आपल्या सारणीत जागा दिसेना, म्हणून त्यांनी प्रथम त्याविषयी शंका घेतली. परंतु तशाच आणखी वायूंचा शोध लागल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि त्या सर्वांसाठी सारणीत एक नवा स्तंभ उघडला.

२ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलीव्ह यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत विद्यार्थी आवर्तसारणीचा मोठा फलक हाती उंच धरून चालले होते. सेंट पीटर्सबर्ग येथील ज्या भूमीत सत्तावन्न वर्षांपूर्वी त्यांच्या आईला चिरविश्रांती मिळाली होती, तेथेच तिच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. मुलाच्या शिक्षणासाठी सैबेरियाहून निघालेल्या त्या मातेचा प्रवास त्या दिवशी खऱ्या अर्थाने सफळ झाला.

१९५५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १०१ क्रमांकाचे मूलद्रव्य प्रयोगशाळेत निर्माण केले. त्या वेळी अमेरिका आणि रशिया यांच्यात मोठे वैमनस्य होते. तरीही त्या मूलद्रव्याला त्यांनी मेंडेलेव्हियम हे नाव दिले. २०१६ पर्यंत ११८ मूलद्रव्यांना नावे मिळाली आणि सारणीच्या सातही ओळी भरल्या. ६३ पत्त्यांनी मांडलेला डाव असा वाढत वाढत गेला.

ज्ञात गोष्टी नीट लावणे हे विद्वानाचे काम आहे. पण आपल्याला जे ठाऊक नाही, त्याची जागा प्रामाणिकपणे मोकळी ठेवणे आणि तेथे काय असावे याचा धीराने विचार करणे, हे त्याहूनही अवघड. मेंडेलीव्ह यांचे नाव सारणीतील भरलेल्या घरांमुळे जितके मोठे झाले, तितकेच तिच्यातील रिकाम्या घरांमुळेही झाले.

स्वाध्याय

१. मारिया मेंडेलीव्ह यांनी मुलाच्या शिक्षणासाठी कोणकोणते कष्ट सोसले, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. पत्त्यांवरील रंग आणि ठिपके यांची तुलना लेखकाने मूलद्रव्यांच्या कोणत्या गोष्टींशी केली आहे?

३. बेरिलियमचे सूत्र चुकीचे आहे, असे मेंडेलीव्ह यांना का वाटले?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पदर खोचणे, श्रमांचे चीज होणे, हसे होणे, मेळ बसणे.

५. उपक्रम : जाड कागदाचे ५४ पत्ते कापा. हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, क्लोरिन, ऑक्सिजन आणि गंधक यांचे प्रत्येकी सहा पत्ते करा. पहिल्या तिघांच्या आणि क्लोरिनच्या पत्त्यांवर संयुजा १ लिहा. मॅग्नेशियम, कॅल्शियम, ऑक्सिजन आणि गंधक यांवर २ लिहा. ॲल्युमिनियमवर ३ लिहा. चौघांनी सात-सात पत्ते वाटून घ्यावेत. उरलेले मध्ये पालथे ठेवावेत. आपली पाळी आली की एक पत्ता उचलावा. एका बाजूस पहिल्या सहा मूलद्रव्यांपैकी एकाचे पत्ते आणि दुसऱ्या बाजूस क्लोरिन, ऑक्सिजन किंवा गंधक यांपैकी एकाचे पत्ते असे मांडावेत की, दोन्ही बाजूंच्या संयुजांची बेरीज सारखी होईल. उदाहरणार्थ, ॲल्युमिनियमचे दोन पत्ते आणि ऑक्सिजनचे तीन पत्ते घेतले, तर दोहोंकडे सहा होतात. मांडलेल्या संयुगाचे सूत्र वहीत लिहून दाखवावे. सूत्र चुकल्यास पत्ते परत घ्यावेत. ज्याचे पत्ते प्रथम संपतील, त्याने डाव जिंकला असे समजावे.